सोलापूरच्या रस्त्यांसाठी रडार डिटेक्टर: निवड, जोडणी आणि वापर

सोलापूर हे चारही दिशांना महामार्ग सुटणारे शहर आहे. पुण्याकडून मोहोळमार्गे येऊन नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५, धाराशिव-तुळजापूरकडून येऊन विजयपूरकडे उतरणारा महामार्ग ५२ आणि मंगळवेढा-सांगलीकडे जाणारा महामार्ग १६६ असे तिन्ही मार्ग इथे एकत्र येतात, आणि त्यांचा बराचसा भाग आता दुभाजक असलेला चौपदरी रस्ता झाला आहे. रस्ता गुळगुळीत झाला की वेग नकळत वाढतो आणि काही दिवसांनी मोबाईलवर ई-चलनाचा संदेश येतो. मग ओळखीतले कोणीतरी ‘रडार डिटेक्टर लावून घ्या’ असे सुचवते. वेग मोजणाऱ्या रडारची चाहूल लागताच वाजणाऱ्या या उपकरणाविषयी फारशी माहिती नसलेल्या, पण ते घेण्याचा विचार करणाऱ्या वाहनचालकांसाठी हा लेख आहे. दुकानापासून सुरुवात न करता, आपल्या रस्त्यावर वेग कसा मोजला जातो इथून सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे. हा क्रम उलटा केला की पैसे एका कामासाठी खर्च होतात आणि उपकरण दुसऱ्याच कामाचे निघते.

पायरी १: वेग मोजण्याच्या तीन पद्धती समजून घ्या

पहिली पद्धत रडारची. रडारगन रेडिओलहरी सोडते, त्या गाडीवर आपटून परत येतात आणि गाडी हलती असल्यामुळे परत आलेल्या लहरींची कंप्रता किंचित बदललेली असते. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर हे मोजमाप उभे आहे. उदाहरणार्थ, २४.१५ गिगाहर्ट्झची लहर ताशी १०० किलोमीटर वेगाने समोरून येणाऱ्या गाडीवर आपटली, तर परतलेल्या लहरीत सुमारे साडेचार हजार हर्ट्झचा फरक पडतो आणि त्या फरकावरून गन वेग दाखवते. अशा गन मुख्यतः तीन पट्ट्यांत चालतात: १०.५२५ गिगाहर्ट्झजवळचा एक्स बँड, २४.१५ गिगाहर्ट्झजवळचा के बँड आणि साधारण ३३.४ ते ३६ गिगाहर्ट्झमधला केए बँड.

रडार डिटेक्टर स्वतः काहीही मोजत नाही. तो या लहरी ऐकणारा केवळ एक रेडिओ आहे. गनला आपले काम करण्यासाठी लहर गाडीपर्यंत जाऊन पुन्हा मागे यावी लागते, तर डिटेक्टरला ती एकाच दिशेने पोहोचली तरी पुरते. त्यामुळे गन सतत चालू असेल, तर तिच्या कक्षेत येण्याच्या बऱ्याच आधी डिटेक्टर वाजू शकतो. परंतु गन बंद ठेवून, गाडी जवळ आल्यावर क्षणभरच चालू केली, तर हा सगळा फायदा संपतो.

दुसरी पद्धत लेझरची, आणि सोलापूरच्या वाचकाने नीट समजून घ्यावी ती हीच. लेझर गन डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे, साधारण ९०४ ते ९०५ नॅनोमीटर तरंगलांबीचे, अतिशय छोटे स्पंद सोडते. प्रत्येक स्पंद परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर कळते आणि लागोपाठच्या स्पंदांमधले अंतर कसे बदलले यावरून वेग कळतो. रडार म्हणजे कंदिलाचा चहूकडे पसरलेला उजेड मानला, तर लेझर हा बॅटरीचा बारीक झोत आहे: तीनशे मीटरवरही त्याची रुंदी जेमतेम मीटरभर असते. पोलीस कर्मचारी तो झोत नंबर प्लेटवर किंवा हेडलाइटवर धरतो आणि अर्ध्या सेकंदाच्या आत वेग नोंदला जातो. काचेवर वर बसवलेल्या डिटेक्टरवर हा झोत पडेलच असे नाही. पडलाच, तर त्याचा आवाज येईपर्यंत आपला वेग छायाचित्रासह नोंदला गेलेला असतो.

तिसरी पद्धत कॅमेऱ्यांची. रस्त्यावरच्या कमानीवर बसवलेले कॅमेरे नंबर प्लेट वाचतात. दोन कमानींमधले अंतर माहीत असते, गाडीने ते किती वेळात कापले हे कॅमेरे टिपतात आणि त्यावरून सरासरी वेग निघतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अशी व्यवस्था कार्यान्वित आहे आणि सोलापूरहून या मार्गाने मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाला तिच्याखालून जावेच लागते. निव्वळ नंबर प्लेट वाचणारा कॅमेरा रडारलहर सोडत नाही, त्यामुळे जगातला सर्वांत महागडा डिटेक्टरही त्याच्याखाली गप्पच राहतो.

महाराष्ट्राच्या महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर, म्हणजे वेग तपासणाऱ्या, वाहनांवर लेझर स्पीडगन असतात. याचा सरळ अर्थ असा, की आपल्या भागात ज्या दोन पद्धतींशी गाठ पडण्याची शक्यता अधिक आहे, नेमक्या त्याच दोन पद्धतींपुढे रडार डिटेक्टर दुबळा आहे. हे वाक्य वाचून कोणी डिटेक्टर घेण्याचा विचार सोडून दिला, तरी मला वाईट वाटणार नाही. पुढच्या पायऱ्यांमध्ये त्या पैशांचा अधिक चांगला उपयोगही सांगितला आहे.

पायरी २: कायदा आधी वाचा

केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनुसार, चालक सोडून आठपर्यंत प्रवासी बसणाऱ्या मोटारीसाठी कमाल वेग द्रुतगती मार्गावर ताशी १२० किलोमीटर, दुभाजक असलेल्या चार किंवा अधिक पदरी रस्त्यावर १००, महापालिका हद्दीतील रस्त्यांवर ७० आणि इतर रस्त्यांवरही ७० आहे. मालवाहू वाहनांसाठी हेच आकडे अनुक्रमे ८०, ८०, ६० आणि ६० आहेत. या कमाल मर्यादा आहेत, म्हणजे राज्य सरकार किंवा स्थानिक यंत्रणा त्याहून कमी मर्यादा ठरवू शकते. म्हणूनच मोहोळ किंवा बोरामणीसारख्या वस्तीजवळून जाताना ‘चौपदरी आहे, म्हणजे शंभर चालते’ हा हिशोब धोक्याचा आहे. तिथे फलकावर जो आकडा असेल तोच कायदा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ मध्ये वेगमर्यादा आहे आणि कलम १८३ मध्ये ती मोडल्याचा दंड आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनासाठी हा दंड १,००० ते २,००० रुपये, तर मध्यम आणि अवजड वाहनांसाठी २,००० ते ४,००० रुपये आहे. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर हाच अपराध झाल्यास वाहन चालवण्याचा परवाना जप्त करण्याची तरतूद आहे. गाडीत डिटेक्टर बसवल्याने यांपैकी कशातूनही सूट मिळत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ अ हा नियम आला. वेग टिपणाऱ्या यंत्रांना मान्यतेचे प्रमाणपत्र असावे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे, अशा यंत्रांच्या अलीकडे वाहनचालकांना दिसेल असा इशाऱ्याचा फलक असावा आणि अपराधाची सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठवली जावी, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे कॅमेऱ्याची आगाऊ सूचना देण्याची जबाबदारी कायद्यानेच यंत्रणेवर टाकलेली आहे. हे फलक वाचण्याची सवय लावून घेतली, तर डिटेक्टरकडून अपेक्षित असलेले निम्मे काम फुकटात होते.

परदेशात डिटेक्टरविषयीचे कायदे जागोजागी वेगळे आहेत. अमेरिकेत खासगी मोटारीत तो बहुतेक ठिकाणी चालतो, पण व्हर्जिनिया राज्यात आणि वॉशिंग्टन डी. सी. मध्ये बंदी आहे, तसेच आंतरराज्य वाहतुकीच्या सुमारे साडेचार टनांहून जड व्यापारी वाहनांत देशभर मनाई आहे. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्येही त्याला बंदी आहे. त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकाकडे तो आहे, यावरून इथला अंदाज बांधू नये. खरेदीपूर्वी आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात, म्हणजे एमएच १३ क्रमांक देणाऱ्या आरटीओमध्ये, लेखी विचारणा करावी. उपकरण परदेशातून कुरियरने परस्पर न मागवता, पक्के बिल देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्यावे.

जॅमर ही मात्र पूर्णपणे निराळी गोष्ट आहे. डिटेक्टर केवळ ऐकतो, तर जॅमर स्वतः लहरी सोडून पोलिसांचे मोजमाप बिघडवतो. सरकारने विशेष परवानगी दिल्याखेरीज संदेशलहरी अडवणारी उपकरणे वापरणे भारतात बेकायदा आहे. ‘डिटेक्टर आणि जॅमर एकत्र’ अशी जाहिरात दिसली, तर त्या विक्रेत्याकडून साधी चार्जिंगची वायरसुद्धा घेऊ नये.

पायरी ३: आपल्या गाडीत आधीच काय आहे ते तपासा

१ जुलै २०१९ पासून देशात तयार होणाऱ्या प्रवासी मोटारींमध्ये वेगाचा इशारा देणारा आवाज सक्तीचा आहे. ताशी ८० किलोमीटरच्या वर तो थांबून थांबून वाजतो आणि १२० च्या वर सलग वाजत राहतो. अनेक जण हा आवाज त्रासदायक म्हणून ओळखीच्या वायरिंगवाल्याकडून बंद करून घेतात आणि नंतर काही हजार रुपये देऊन दुसरा वाजणारा डबा आणतात. गाडीत हा आवाज असेल तर तो तसाच राहू द्यावा. बऱ्याच गाड्यांमध्ये आपल्याला हवी ती मर्यादा मेन्यूमधून ठरवण्याचीही सोय असते. गाडीसोबत मिळालेली पुस्तिका उघडून ती शोधावी.

यानंतर आपला स्पीडोमीटर किती खरे सांगतो ते पाहावे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा कधीच दाखवू नये, मात्र थोडा जास्त दाखवला तरी चालतो. म्हणून काटा १०० वर असताना खरा वेग ९४-९५ असणे नेहमीचे आहे. पडताळणीसाठी सकाळच्या कमी वर्दळीच्या वेळी सरळ, सपाट रस्त्यावर ठरावीक वेग धरावा आणि शेजारी बसलेल्या व्यक्तीला मोबाईलमधल्या जीपीएसवरचा वेग वाचायला सांगावे. गाडी चालवणाऱ्याने स्वतः मोबाईल पाहू नये. कंपनीने दिलेल्यापेक्षा मोठ्या व्यासाचे टायर बसवले असतील, तर ही पडताळणी टाळूच नये, कारण तसे टायर असताना काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो आणि चालकाला मर्यादेत असल्याचा चुकीचा दिलासा मिळतो.

पायरी ४: उपकरण निवडा

बाजारात ‘रडार डिटेक्टर’ या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि फसगत बहुधा इथेच होते.

पहिली वस्तू म्हणजे खराखुरा डिटेक्टर, ज्याला रडारचा अँटेना आणि लेझरचा संवेदक असतो. चांगल्या डिटेक्टरमध्ये सुपरहेटरोडाइन प्रकारचा लहरग्राहक (रिसीव्हर) असतो. तो आतल्या आत एक लहर तयार करून बाहेरच्या लहरीशी मिसळतो आणि त्यामुळे फार क्षीण लहरीही पकडतो. (ही आतली लहर थोडी बाहेर झिरपते. बंदी असलेल्या ठिकाणी पोलीस तीच पकडून डिटेक्टर शोधतात.) दुसरी वस्तू म्हणजे जीपीएस इशारा यंत्र. त्यात कॅमेऱ्यांच्या आणि वेगमर्यादांच्या जागांची यादी भरलेली असते आणि गाडी त्या जागेजवळ आली की ते बोलते. तिसरी वस्तू या दोन्हींचे मिश्रण असते.

सोलापूर-पुणे, सोलापूर-तुळजापूर, सोलापूर-अक्कलकोट असा नेहमीचा प्रवास करणाऱ्या कुटुंबाला मी दुसऱ्या प्रकाराचे यंत्र सुचवेन, आणि त्याआधी मोबाईलमधले नकाशाचे अ‍ॅप वापरून पाहायला सांगेन. गुगल मॅप्समध्ये मार्गदर्शन चालू असताना स्पीडोमीटर दाखवण्याची सोय आहे आणि मॅपल्स या भारतीय अ‍ॅपमध्ये वेगमर्यादेचे व कॅमेऱ्यांचे इशारे मिळतात. यासाठी काहीच खर्च नाही. महिनाभर ते वापरूनही वेगळ्या यंत्राची गरज वाटली, तरच दुकानात जावे.

जीपीएस यंत्र घेताना विक्रेत्याला सर्वांत आधी हा प्रश्न विचारावा: यादीत भारत आहे का, आणि ती अद्ययावत कशी व कोणत्या खर्चात करायची? अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या कॅमेऱ्यांची यादी असलेले यंत्र इथे मुके असते. दुकानात यंत्र चालू करून पुणे महामार्गावरची एखादी जागा त्यात दाखवायला सांगावी. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर तेच उत्तर समजावे. आपण स्वतः जागा नोंदवू शकतो का, हेही पाहावे. शाळा, रुग्णालय, अपघातप्रवण वळण अशा जागा स्वतः भरण्याची सोय मला कोणत्याही दूरच्या पल्ल्यापेक्षा अधिक उपयोगाची वाटते.

खरा डिटेक्टरच घ्यायचा असेल तर, ‘सोळा बँड’, ‘३६० अंश संरक्षण’ अशा मोठ्या अक्षरांकडे लक्ष देऊ नये. बँडची संख्या जितकी जास्त, तितके खोटे इशारे जास्त. महत्त्वाची गोष्ट आहे गाळणी, म्हणजे खोटे इशारे वगळणारा फिल्टर. हल्लीच्या अनेक मोटारींमध्ये मागच्या-बाजूच्या वाहनांची सूचना देणारे छोटे रडार असते आणि त्यांपैकी पुष्कळसे २४ गिगाहर्ट्झजवळच चालतात. मॉलचे आणि मोठ्या दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजेही याच पट्ट्यांत असतात. गाळणी नसलेला डिटेक्टर शेजारून अशी मोटार गेली की ओरडतो आणि आठवड्याभरात चालक त्याचा आवाज मनावर घेणे सोडून देतो. दुर्लक्षित इशारा हा इशारा नसण्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर समोरचे लक्ष आधीच कमी झालेले असते. त्यामुळे के बँडची गाळणी, एक्स बँड बंद करण्याची सोय आणि ठरावीक वेगाखाली आपोआप गप्प होण्याची सोय, या तिन्ही गोष्टी नसतील तर तो डिटेक्टर घेऊ नये.

उष्णतेचा मुद्दा सोलापूरकरांनी विशेष जपावा. इथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवरचे तापमान हवेपेक्षा कितीतरी अधिक होते. आत लिथियम बॅटरी असलेले यंत्र अशा ठिकाणी दिवसभर ठेवणे धोक्याचे आहे, बॅटरी फुगते आणि क्वचित पेटही घेते. म्हणून थेट गाडीच्या वीजपुरवठ्यावर चालणारे, आत बॅटरी नसलेले यंत्र निवडावे. माहितीपत्रकात वापरासाठीचे कमाल तापमान लिहिलेले असते, ते वाचूनच घ्यावे. पडद्याचा उजेड कमी करता येणे आणि आवाज स्पष्ट असणे या बाबी दुकानातच पाच मिनिटांत तपासून होतात.

पायरी ५: जोडणी

यंत्र समोरच्या काचेवर अशा ठिकाणी बसवावे, की चालकाच्या बसण्याच्या जागेवरून रस्त्याचा कोणताही भाग झाकला जाणार नाही. आरशाच्या मागची जागा किंवा काचेच्या खालच्या कडेजवळची मधली जागा बहुतेक गाड्यांत योग्य ठरते. एअरबॅग जिथून उघडते त्या पट्टीवर किंवा तिच्या समोर काहीही लावू नये, नाहीतर अपघाताच्या क्षणी ते यंत्र वेगाने अंगावर येते. अँटेना रस्त्याला समांतर, सरळ पुढे पाहत असावा आणि त्याच्यासमोर वायपर किंवा काचेवरचा काळा पट्टा येऊ नये. उष्णता रोखण्यासाठी धातूचा सूक्ष्म थर दिलेली काच काही गाड्यांत असते. अशा काचेतून रडारच्या आणि जीपीएसच्या लहरी नीट आत येत नाहीत. त्यात आरशाजवळ थर नसलेली जागा सोडलेली असते, तिथे यंत्र लावावे.

रबरी चूषक असलेला स्टँड आपल्याकडच्या उन्हाळ्यात हमखास सुटतो, तेव्हा दुहेरी चिकटपट्टीचा पक्का स्टँड बरा. चिकटवण्यापूर्वी काच कोरडी आणि तेलकटपणा नसलेली असावी.

वीज घेण्याचे दोन मार्ग आहेत. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेणे सोपे, फक्त वायर गियरच्या आसपास लोंबकळू देऊ नये. दुसरा मार्ग फ्यूज बॉक्समधून घेण्याचा आहे आणि त्यासाठी जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनच हवा. त्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: चावी बंद केल्यावर यंत्र बंद झाले पाहिजे, नाहीतर गाडी काही दिवस उभी राहिल्यास बॅटरी उतरते, आणि या वायरीला स्वतंत्र, माहितीपत्रकात सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज असला पाहिजे. एअरबॅगच्या किंवा ब्रेकच्या फ्यूजवर जोड मारू देऊ नये. चालू वायर सोलून तिच्यावर टेप गुंडाळण्याची पद्धत आजही काही ठिकाणी दिसते, ती आपल्या गाडीत मुळीच चालवून घेऊ नये. ट्रकची वीजव्यवस्था सहसा २४ व्होल्टची असते, त्यामुळे मोटारीसाठीचे १२ व्होल्टचे यंत्र ट्रकला तसेच जोडल्यास जळते.

पायरी ६: वापर शिका

सर्व सेटिंग गाडी उभी असताना करावी. शहरात असताना ‘सिटी’ किंवा कमी संवेदनेची पद्धत आणि महामार्गावर ‘हायवे’ पद्धत निवडावी. अशी निवड आपोआप करणारे यंत्र असेल तर उत्तमच. वेगाचा इशारा रस्त्याच्या मर्यादेपेक्षा थोडा आधी, म्हणजे शंभरच्या रस्त्यावर ९५ ला, वाजेल असा ठेवावा. पहिली फेरी सुटीच्या सकाळी सात रस्ता, होटगी रस्ता, आसरा चौक या ओळखीच्या भागात, शेजारी कोणालातरी बसवून काढावी. कोणत्या दुकानासमोर यंत्र उगाच वाजते, कोणत्या पुलाखाली जीपीएस हरवतो हे त्या व्यक्तीला टिपायला सांगावे. खोट्या इशाऱ्याच्या जागा कायमच्या गप्प करण्याची सोय असेल, तर त्या घरी आल्यावर भराव्यात.

यंत्र वाजल्यावर काय करायचे हे आधीच ठरलेले असावे. कचकन ब्रेक दाबणे ही सर्वांत घातक प्रतिक्रिया आहे, कारण मागून येणाऱ्या ट्रकचालकाला आपले यंत्र ऐकू येत नाही. आरशात पाहावे, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलावा आणि वेग आपोआप उतरू द्यावा. इशाऱ्यावर ब्रेक दाबावाच लागतो आहे असे वारंवार घडत असेल, तर मुळात वेगच जास्त आहे.

इथे थोडे गणित मांडतो, कारण वेगामुळे वाचणारा वेळ आणि वाढणारा धोका यांची जोड आकड्यांतच नीट दिसते. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद जातो असे धरले, तर कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरांची मोटार ताशी ८० वरून थांबायला सुमारे ६८ मीटर आणि १०० वरून सुमारे ९७ मीटर घेते. आता ऊसतोडणीच्या हंगामातली रात्र डोळ्यांसमोर आणावी. मोहोळ-टेंभुर्णी पट्ट्यात किंवा मंगळवेढ्याच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला, मागे लाल दिवा नसलेला ट्रॅक्टर ताशी पंधरा-वीसच्या वेगाने चाललेला असतो आणि खालच्या झोतात (लो बीमवर) हेडलाइटचा उजेड पन्नास-साठ मीटरच्या आसपासच पोहोचतो. शंभरच्या वेगात तो ट्रॅक्टर दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. कोणताही डिटेक्टर उसाच्या ट्रॉलीची सूचना देत नाही. दुसरीकडे, तुळजापूरपर्यंतचे साधारण ४५ किलोमीटर अंतर ८० ऐवजी १०० ने कापले तर वाचतात सात मिनिटांहूनही कमी. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या वाटांवर वारकरी पायी चालत असतात, नवरात्रात तुळजापूरच्या रस्त्यावर भाविक रात्रभर चालतात. त्या दिवसांत इशाऱ्याची मर्यादा आणखी खाली, चाळीसवर आणून ठेवावी.

सरासरी वेग मोजणाऱ्या पट्ट्यात कॅमेऱ्याखाली वेग कमी करून पुढे पुन्हा वाढवण्याला काही अर्थ नाही. दहा किलोमीटरच्या अंतरात शंभरची मर्यादा असेल, तर ते अंतर कापायला किमान सहा मिनिटे लागलीच पाहिजेत. ते पाच मिनिटांत झाले, तर सरासरी १२० झाली आणि चलन निघाले. अशा रस्त्यावर गाडीत क्रूझ कंट्रोल असेल तर तो वर्दळ कमी असताना मर्यादेच्या दोन-तीन किलोमीटर खाली लावावा.

पायरी ७: देखभाल आणि चलनाची तपासणी

यंत्रातली यादी निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे अद्ययावत करावी आणि रस्त्याचे काम चालू असलेल्या भागात यादीपेक्षा फलकावर विश्वास ठेवावा, कारण वळणरस्त्यावरची मर्यादा यंत्राला कळायला वेळ लागतो. काच आतून पुसत राहावी. लेझर संवेदकावर धूळ बसली की तो जवळजवळ निकामी होतो, आणि सोलापुरात धुळीची कमतरता नाही. उन्हाळ्यात गाडी उन्हात लावताना यंत्र काढून कप्प्यात ठेवावे.

आपल्या गाडीवर चलन आहे का, हे महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकून अधूनमधून पाहावे. चलनात ठिकाण, वेळ आणि छायाचित्र असते. तपशील चुकीचा वाटल्यास तिथेच तक्रार नोंदवता येते. छायाचित्रातली नंबर प्लेट आपलीच आहे का, हे आधी निरखून पाहावे. चलनाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी अनोळखी फाइल मात्र उघडू नये, त्या मार्गाने बँक खात्यावर डल्ला मारल्याचे प्रकार घडले आहेत. गाडी घरात एकाहून अधिक जण चालवत असतील, तर यंत्राची मर्यादा किती ठेवली आहे आणि वाजल्यावर काय करायचे, हे चावी देतानाच प्रत्येकाला सांगावे. मोबाईल क्रमांक बदलला असल्यास तो आरटीओच्या नोंदीत लगेच बदलून घ्यावा, कारण चलनाची सूचना नोंदीतल्या क्रमांकावरच जाते.